तरुणांना विचारतात, पण ठरवून झाल्यावर! सल्लागार समितीकडून नेमकं काय मागावं?

रानवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आजवर फक्त वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी एकोणीस वर्षांची. एक सार्वजनिक आरोग्यसेवा १५ ते २४ वयोगटातल्या मुलामुलींची सल्लागार समिती नेमणार आहे. समितीच्या नियमांचा मसुदा आमच्यासारख्या काही जणांना वाचायला दिलाय आणि सूचना मागवल्यात. काय लिहावं यावर आमच्यात बरंच बोलणं झालं, पण एकमत होईना, म्हणून इथे विचारतेय.

यापूर्वी एका दुसऱ्या कार्यालयाच्या बैठकीला मी युवा प्रतिनिधी म्हणून गेले होते. विषयपत्रिकेवर सगळ्यात शेवटी 'युवा प्रतिनिधींचे मनोगत' असं लिहिलेलं. तोवर बाकीचे सगळे विषय मंजूर होऊन गेले होते, आणि त्यातले काही थेट आमच्या वयाच्या मुलांबद्दलचे होते. मी तयारी करून गेले होते. समुपदेशन कक्ष सकाळी दहा ते एक उघडा असतो, तेव्हा आम्ही वर्गात असतो. शिवाय नोंदणीच्या खिडकीवर 'काय त्रास होतोय?' असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारतात आणि मागे रांग उभी असते. झोप लागत नाही, जीव नकोसा झालाय, पाळी चुकलीय, यातलं काहीही सोळा वर्षांची मुलगी त्या खिडकीवर सांगणार नाही. ती तशीच परत जाते, आणि 'या वयोगटातून प्रतिसाद कमी' अशी नोंद होते. हे सगळं मी बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एका वरिष्ठ बाईंनी वहीत उतरवूनही घेतलं.

काही आठवड्यांनी इतिवृत्त आलं. आमच्याबद्दल दोन वाक्यं: 'युवा प्रतिनिधींनी उत्स्फूर्तपणे मते मांडली. अध्यक्षांनी त्यांचे कौतुक केले.' कोणती मतं, ते कुठेच नाही. वार्षिक अहवालात आमचा गटफोटो मात्र आला.

मला कौतुक नको होतं, उत्तर हवं होतं. 'वेळ बदलता येणार नाही, कारण समुपदेशक एकच आहे' असं लेखी आलं असतं तरी चाललं असतं, निदान पुढचा प्रश्न विचारता आला असता. तर आता नव्या समितीच्या मसुद्यात काय घालायला सांगावं? की अशा समित्यांच्या नादी न लागता मतदान, निवडणूक याच गोष्टींकडे लक्ष द्यावं?

सांजवेळ

इतिवृत्ताचा भाग वाचून पोटात तुटलं. वाचतेय.

पिंपळपान

रानवारा, माझ्या नातीच्या वयाची आहेस, तेव्हा 'तू' म्हणतो, चालेल ना? माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयांत गेली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रागावू नकोस.

सार्वजनिक सेवा चालवणं म्हणजे रोजची ओढाताण असते. पैसे मोजके, माणसं त्याहून मोजकी. समुपदेशन कक्षाची वेळ बदलायची तर कुणाची तरी पाळी बदलावी लागते, मग भत्ता, मग मंजुरी. तरुण प्रतिनिधी दोन वर्षं येतात, पोटतिडकीने बोलतात आणि शिक्षणाला नाहीतर नोकरीला निघून जातात. निर्णयाचं ओझं मागे राहणारे वाहतात. आणि तुम्हाला निवडून कुणी दिलेलं असतं? निवडून आलेला प्रतिनिधी पुढच्या वेळी पडू शकतो. नेमलेल्या समितीला तेही भय नाही.

सोळाव्या वर्षी मताधिकार द्यावा असं हल्ली बरेच जण म्हणतात, तेही मला पटत नाही. त्या वयात मूल घरच्यांचं ऐकून मत देणार, नाहीतर फोनवर जे दिसेल त्यावर. अनुभव यायला वेळ लागतो, त्याला आडवाट नाही.

दुर्बीण

पिंपळपान, तुमचा समितीच्या जबाबदेहीचा मुद्दा वजनदार आहे, त्याकडे नंतर येतो. आधी मताधिकाराबद्दल, कारण तिथे अंदाज बांधत बसायची गरज उरलेली नाही, प्रत्यक्ष अनुभव जमा झालाय.

ऑस्ट्रियाने २००७ साली राष्ट्रीय निवडणुकीसाठी वय १६ केलं. तिथल्या अभ्यासकांनी मुद्दाम तपासलं, की ही मुलं आपल्या मतांशी जुळणारा पक्ष निवडतात का. त्याबाबतीत ती मोठ्यांपेक्षा कमी पडली नाहीत. शिवाय १६-१७ वर्षांच्या मुलांचं मतदान १८ ते २० वयाच्या तरुणांपेक्षा जास्त झालेलं आढळलं. कारण साधं आहे. सोळाव्या वर्षी मूल बहुधा घरी असतं, शाळेत असतं, आजूबाजूला मतदानाची चर्चा असते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी तेच मूल घर सोडतं, नव्या पत्त्यावर नाव नोंदवायचं राहून जातं, आणि पहिलीच संधी हुकते. पहिलं मतदान हुकलं की पुढेही हुकत राहतं. मतदान बऱ्याच अंशी सवयीने होतं.

स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात १६-१७ वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा मत मिळालं. तिथल्या निवडणूक आयोगाच्या पाहणीत त्यांच्यातल्या ७५ टक्क्यांनी मत दिल्याचं सांगितलं, १८ ते २४ वयोगटात हेच प्रमाण ५४ टक्के होतं. आणि दोनच वर्षांनी युरोपीय संघात राहायचं की नाही या सार्वमतात १६-१७ वर्षांच्यांना मत नव्हतं! ज्यांना त्या निर्णयासोबत सगळ्यात जास्त वर्षं काढायची, ते बाहेर.

वयाची रेषा कधीच निसर्गाने आखलेली नव्हती. ब्रिटनने १९६९ मध्ये ती २१ वरून १८ वर आणली, अमेरिकेने १९७१ मध्ये, भारताने एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून, मलेशियाने २०१९ मध्ये घटना बदलून. अमेरिकेत तर युक्तिवाद सरळ होता: अठराव्या वर्षी युद्धावर पाठवता, मग मत का नाही? ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून १६-१७ वर्षांच्यांना ऐच्छिक मतदान आहे. इटलीत सिनेटसाठी मतदान करायला २०२१ पर्यंत २५ वर्षं पूर्ण असावी लागत. म्हणजे चोवीस वर्षांचा डॉक्टर रुग्ण तपासू शकत होता, पण वरिष्ठ सभागृहासाठी मत देऊ शकत नव्हता.

पिंपळपान

ऑस्ट्रियाची माहिती नवीन आहे माझ्यासाठी. पण मत देणं वेगळं आणि कारभारात सल्ला देणं वेगळं. अनुभवाचा मुद्दा मी सोडत नाही.

मोजपट्टी

मी सार्वजनिक वाहतुकीच्या नियोजनात काम करतो. अनुभवाच्या मुद्द्यावर आमच्याकडचं सांगतो, कारण नेमका कुणाचा अनुभव कागदावर येतो, हे मी रोज बघतो.

बसचे मार्ग आणि वेळा ठरवायच्या आधी आम्ही घरोघरी पाहणी करतो. फॉर्म भरून कोण देतं? कुटुंबप्रमुख. तो स्वतःच्या जाण्यायेण्याबद्दल नेमकं सांगतो: किती वाजता निघतो, कुठे बदलतो, किती वेळ लागतो. घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीबद्दल विचारलं की 'कॉलेजला जाते' म्हणतो, संपलं. ती कॉलेजहून शिकवणीला जाते, तिथून ग्रंथालयात, रात्री साडेआठला परत निघते, आणि थांब्यावर दिवा नाही म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाते, हे त्याला अनेकदा माहीतच नसतं. मग आमच्या आकड्यांत ती सकाळी एकदा जाते आणि दुपारी एकदा येते. त्या आकड्यांवर शेवटची बस आठची ठरते. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. पण वेळापत्रक एकदा निघालं की वर्षभर हलत नाही.

तेव्हा पिंपळपान साहेब, अनुभव तिच्याकडे आहे. आमच्याकडे तो पोचत नाही.

आणि रानवारा, तुमच्या कामाची गोष्ट: आमच्याकडे सगळं ठरतं ते पहिल्या टिपणात. कोणते पर्याय तपासायचे, हे तिथे लिहिलं जातं. त्यानंतर नकाशे, खर्चाचे अंदाज, वरिष्ठांच्या सह्या. 'हरकती व सूचना' मागवतो तोवर मसुदा इतका पुढे गेलेला असतो, की थांबा पन्नास पावलं इकडेतिकडे करण्यापलीकडे काही बदलता येत नाही. तुमच्या समितीला त्या टप्प्यावर बोलावलं, तर ते वरातीमागून घोडं. पहिलं टिपण तयार होत असताना बोलवायला सांगा.

खडूफळा

माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे विद्यार्थी परिषद आहे, निवडणूक होते, शपथ होते. मग वर्षभर परिषद काय करते? स्नेहसंमेलन आणि क्रीडादिन. शाळेची वेळ, स्वच्छतागृहं, मारहाणीच्या तक्रारी यावर तिला कुणी विचारत नाही. मुलं तिथेच शिकतात, की निवडून येणं म्हणजे बिल्ला लावणं.

याउलट मुलांच्या हातात खरे पैसे दिले की काय होतं, ते बॉस्टन शहराने २०१४ मध्ये करून बघितलं. महापालिकेच्या भांडवली खर्चातले, म्हणजे बांधकामं आणि टिकाऊ वस्तूंसाठी ठेवलेले, १० लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कुठे लावायचे हे १२ ते २५ वयाच्या मुलांनी ठरवायचं. लोकांनी मिळून अंदाजपत्रक ठरवायची मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ सालची. बॉस्टनने ती फक्त तरुणांसाठी वापरली. मुलांनी कल्पना गोळा केल्या, त्यांतल्या काहींनी पालिकेच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून खर्चाचे अंदाज काढले आणि मग मतदान झालं. निवडून काय आलं? शाळांसाठी लॅपटॉप, उद्यानाजवळचे पदपथ आणि दिवे, चित्रं काढायला भिंती, खेळाची जागा.

पदपथ आणि दिवे! मुलांना पैसे दिले तर ती मौजमजेवर उडवतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही यादी बघावी. अंधारात घरी कोण चालत जातं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोजपट्टी यांच्या बसथांब्यासारखंच झालं की हे.

आणि अंदाज काढायचा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. 'पैसे नाहीत' असं कुणी तोंडावर सांगितलं की मूल गप्प बसतं. पण हजार मीटरच्या पदपथाला किती लागतात हे त्याने स्वतः काढलं, की ते विचारतं, 'मग पाचशे मीटर तरी करू या?'

रानवारा

मोजपट्टी, खडूफळा, खूप आभार. 'पहिलं टिपण' हा शब्द लिहून ठेवला. मसुद्यात सध्या 'समितीचा सल्ला आवश्यकतेनुसार घेण्यात येईल' असं आहे. आवश्यकता कुणी ठरवायची, ते लिहिलेलं नाही.

पहाटपाळी

मी बावीस वर्षांचा, गोदामात पाळीने काम करतो. थोडं कडू बोलतो, पण मनापासून.

अशा समित्यांवर कोण जातं ते बघा. ज्याला नीट बोलता येतं, ज्याच्या शिक्षकांनी नाव सुचवलं, ज्याला सकाळी अकराच्या बैठकीला यायला सुट्टी मागावी लागत नाही. एकदा आमच्या भागातल्या अशाच एका समितीसाठी मला विचारलं होतं. बैठक कामाच्या वेळेत, प्रवासखर्च स्वतःचा. त्या दिवसाचा रोज बुडाला असता. मी नाही म्हटलं. माझ्या जागी जो मुलगा गेला, तो चांगलाच होता, पण त्याने कधी सरकारी दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती.

सेवा सगळ्यात जास्त वापरतात ते आम्ही लोक. शाळा अर्धवट सुटलेले, काम करणारे, आईबापांपासून लांब राहणारे, अपंग मुलं, वसतिगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली मुलं. 'तरुणांचा आवाज' म्हणून दरवेळी एकाच प्रकारच्या घरातला आवाज पोचत असेल, तर अधिकाऱ्यांना चुकीचंच चित्र दिसणार, आणि वर 'आम्ही तरुणांना विचारलं' असं म्हणायला ते मोकळे.

रानवारा, मसुद्यात हे घालाच: प्रवासखर्च आणि बैठकभत्ता. तज्ज्ञ सल्लागाराला मानधन देतात ना? मग आम्हाला का नाही? बैठक संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. आणि निदान निम्मी माणसं अशी हवीत, ज्यांनी मागच्या वर्षभरात ती सेवा स्वतः वापरलीय.

सांजवेळ

+१ पहाटपाळी. भत्त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

दुर्बीण

पहाटपाळी, तुमचा मुद्दा सगळ्यात कळीचा आहे. पिंपळपान यांनी विचारलेलं 'तुम्हाला कुणी निवडून दिलं?' यालाही तो लागू पडतो.

यावर चिठ्ठी काढून निवड करणं हा एक उपाय आहे. आयर्लंडने २०२२ मध्ये जैवविविधतेच्या ऱ्हासावर मुलांची एक सभा भरवली होती. ७ ते १७ वयाची ३५ मुलं, देशभरातून आलेल्या अर्जांतून चिठ्ठी पद्धतीने निवडलेली, वेगवेगळ्या वयाची आणि भागांतली येतील अशा बेताने. त्यांच्या शिफारशी मोठ्यांच्या नागरिक सभेच्या शिफारशींबरोबरच संसदेसमोर गेल्या. अशा निवडीत वशिला चालत नाही, आणि छान बोलणाऱ्यालाच जागा मिळते असंही होत नाही. अर्ज करण्यापर्यंत पोचायला मात्र कुणीतरी वस्तीत, वसतिगृहात, कामाच्या ठिकाणी जाऊन सांगावं लागतं, नाहीतर पिशवीत चिठ्ठ्याच त्याच त्या घरांच्या पडतात.

आता मूळ प्रश्नाकडे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. त्यातलं बारावं कलम म्हणतं, की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित सर्व बाबतींत ते मांडायचा हक्क आहे आणि त्या मताला मुलाचं वय आणि समज बघून योग्य वजन द्यायचं आहे. पहिला अर्धा भाग सगळे पाळतात, कारण सोपा आहे. 'योग्य वजन' तिथे गाडी अडते.

बेलफास्टच्या लॉरा लंडी या प्राध्यापिकेने २००७ मध्ये याच कलमाची चार भागांत फोड केली: बोलायला सुरक्षित जागा, बोलायला मदत, ऐकणारा श्रोता आणि झालेला परिणाम. आयर्लंड सरकारने ही मांडणी आपल्या धोरणात घेतली. रानवारा, तुमच्या त्या बैठकीत जागा होती, बोलता आलं, लोकांनी ऐकलंही. पण लंडी यांच्या मांडणीत श्रोता म्हणजे ज्याच्या हातात ती गोष्ट बदलण्याचा अधिकार आहे तो. वही उघडून लिहून घेणाऱ्या बाईंना वेळ बदलायचा अधिकार होता का, हे आधी विचारायला हवं होतं. आणि परिणामाचा पत्ताच नव्हता.

आरोग्यसेवेच्या लोकांशी बोलताना आणखी एक उपयोगी पडेल: जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये किशोरवयीनांच्या आरोग्यसेवेसाठी आठ मानकं दिली. त्यातलं आठवं मानक किशोरवयीनांच्या सहभागाचं आहे, सेवेचं नियोजन, देखरेख आणि मूल्यमापन तिन्हींत. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

सांजवेळ

मला जरा वेगळं विचारायचंय. समित्या, मसुदे, इतिवृत्तं हे सगळं ठीक, पण इतिहासात तरुणांचं ऐकलं गेलं ते रस्त्यावर उतरल्यावरच ना?

बांगलादेशात जुलै २०१८ मध्ये ढाक्यात बसखाली दोन विद्यार्थी गेले. शाळकरी मुलं गणवेशात रस्त्यावर आली. त्यांनी वाहनं थांबवून चालकांचे परवाने तपासले, रुग्णवाहिकांसाठी वेगळी वाट काढली. सप्टेंबरमध्ये संसदेने नवा रस्ते वाहतूक कायदा मंजूर केला. वर्षानुवर्षं रखडलेलं काम मुलांनी काही दिवसांत हलवलं. कोणत्या सल्लागार समितीला हे जमलं असतं?

मोजपट्टी

सांजवेळ, ती मुलं माझ्या क्षेत्रातली होती म्हणतो मी. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पुढचा भागही बघा. कायदा मंजूर झाला सप्टेंबर २०१८ मध्ये, लागू व्हायला नोव्हेंबर २०१९ उजाडला. लागू होताच वाहतूकदारांनी संप केले आणि काही तरतुदींची अंमलबजावणी ढिली पडली. कारण नियम लिहिताना आणि सवलती ठरवताना खोलीत कोण बसलं होतं? मालकांच्या आणि कामगारांच्या संघटना. त्यांची कार्यालयं आहेत, वकील आहेत, त्या रोज येतात. मुलं शाळेत परत गेली होती.

रस्ता लागतोच. पण कायद्यानंतर नियम, नियमांनंतर परिपत्रक, त्यानंतर तपासणी, हे सगळं बंद खोलीत होतं, आणि सेवा बदलते ती तिथे.

खडूफळा

चिलीचं उदाहरण या दोन्हींना जोडतं. २००६ मध्ये तिथली शाळकरी मुलं रस्त्यावर आली, २०११ मध्ये विद्यापीठातली. मागणी शिक्षणाबद्दलच. त्यांतले काही तिथेच थांबले नाहीत, निवडणुकीला उभे राहिले, संसदेत गेले. २०११ च्या आंदोलनातला एक नेता, गाब्रिएल बोरिक, २०२२ मध्ये ३६ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच आंदोलनातली कामिला वायेखो त्याच्या मंत्रिमंडळात होती. त्यांच्या कारभाराबद्दल मतभेद असतील, आहेतच. पण रस्त्यापासून त्या खोलीपर्यंतची वाट त्यांनी चालून दाखवली.

दुर्बीण

आणि ती वाट बऱ्याच देशांत कायद्यानेच अडवलेली आहे. भारतात अठराव्या वर्षी मत देता येतं, पण लोकसभेला उभं राहायला २५ वर्षं लागतात, राज्यसभेला ३०. स्थानिक संस्थांसाठी २१ आहे, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये आर्या राजेंद्रन एकविसाव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या महापौर होऊ शकल्या. नायजेरियात तरुणांनी याच मुद्द्यावर मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचं किमान वय ४० वरून ३५ वर, कनिष्ठ सभागृहाचं ३० वरून २५ वर आणलं. जगाची निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली, आणि आंतरसंसदीय संघाच्या (देशोदेशींच्या संसदांची संघटना) आकडेवारीत तिशीच्या आतले खासदार ३ टक्क्यांच्याही खाली.

याचा परिणाम कुठे दिसतो? ज्या निर्णयांचं बिल उशिरा येतं तिथे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये हवामान कायद्याबद्दल हेच म्हटलं. सरकारने २०३० पर्यंत सौम्य उद्दिष्टं ठेवली होती, त्यानंतरचं पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, की अशाने उत्सर्जन कपातीचा भार २०३० नंतरच्या काळावर लोटला जातो आणि तेव्हा जगणाऱ्यांच्या स्वातंत्र्यावर घाला येतो. दावा करणाऱ्यांत तरुण मुलंमुली होती. सरकारने काही महिन्यांत कायदा बदलला, कार्बन तटस्थतेचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेण्याचं, वर्ष २०५० वरून २०४५ वर आणलं. म्हणजे तरुणांना संसदेत जे मिळालं नाही, त्यासाठी न्यायालयात जावं लागलं.

पिंपळपान

दोन दिवस सगळं वाचत होतो. मोजपट्टी यांनी लिहिलेलं कुटुंबप्रमुखाचं फारच खरं आहे, असे फॉर्म मी हजारोंनी पाहिलेत. पहाटपाळी यांचं भत्त्याचं म्हणणंही बिनतोड.

आता मी माझ्या उपयोगाचं बोलतो. रानवारा, कार्यालयाची भाषा मला येते, ती तुला देतो.

'सूचनांचा विचार करण्यात येईल' हे वाक्य मसुद्यात कुठेही राहू देऊ नकोस. विचार केला की नाही, हे कुणालाही तपासता येत नाही. त्याऐवजी: 'समितीने दिलेल्या प्रत्येक लेखी सूचनेवर सक्षम अधिकारी ४५ दिवसांच्या आत लेखी निर्णय कळवील, आणि सूचना अमान्य केल्यास कारणे नमूद करील.' यातले दोन शब्द जपून ठेव. 'सक्षम अधिकारी', म्हणजे ज्याला ती गोष्ट बदलायचा अधिकार आहे तोच. आणि 'कारणे'. कारण लिहायची वेळ आली, की माणूस फाइल उघडून वाचतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

इतिवृत्ताबद्दल: 'समितीच्या सदस्यांनी मांडलेले मुद्दे त्यांच्या शब्दांत नोंदवावेत आणि इतिवृत्त कायम करण्यापूर्वी सदस्यांना दाखवावे.' पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम 'मागील सूचनांवरील अनुपालन अहवाल' असा हवा, म्हणजे आधीच्या सूचनांचं पुढे काय झालं ते. मनोगत शेवटी, अनुपालन पहिलं.

अनुभवाचा मुद्दा अजूनही माझ्या जागी आहे. तुमच्या काही सूचना अव्यवहार्य निघतील. तशा त्या अधिकाऱ्यांच्याही निघतात.

सांजवेळ

पिंपळपान काका, हे वाचून फार बरं वाटलं. अशी भाषा आम्हाला कुणी शिकवतच नाही.

दुर्बीण

पिंपळपान यांच्या कलमांना एक जोड. समिती कुणाच्या मर्जीवर राहू नये. नॉर्वेत २०१८ च्या स्थानिक शासन कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला युवा परिषद ठेवणं बंधनकारक केलं, आणि तरुणांशी संबंधित बाबींवर म्हणणं मांडायचा त्या परिषदेला हक्क आहे. फिनलंडमध्येही २०१५ च्या कायद्याने नगरपालिकांना युवा परिषद सक्तीची आहे. अधिकारी बदलला म्हणून परिषद बंद पडत नाही. रानवारा, तुमच्या हातात कायदा नाही, पण समिती एका अधिकाऱ्याच्या पत्रावर उभी राहण्यापेक्षा संस्थेच्या नियामक मंडळाच्या ठरावाने व्हावी, एवढं मागता येईल. ठराव रद्द करायचा तर तो विषयपत्रिकेवर आणावा लागतो. गुपचूप होत नाही.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही मिळून बसलो आणि मसुद्यावर सूचना लिहिल्या. थोडक्यात इथे देते, चुकत असेल तर सांगा.

समितीची स्थापना नियामक मंडळाच्या ठरावाने. 'आवश्यकतेनुसार सल्ला' काढून 'किशोरवयीन व तरुणांच्या सेवांबाबत कोणताही प्रस्ताव प्राथमिक टिपणाच्या टप्प्यावर समितीपुढे ठेवावा'. पिंपळपान काकांचं ४५ दिवसांचं कलम आहे तसं. इतिवृत्त आणि अनुपालन, तेही तसंच. निम्मे सदस्य सेवा वापरणारे, अर्जांतून चिठ्ठीने निवडलेले, अर्जाची माहिती वसतिगृहं आणि कामाच्या ठिकाणी नेऊन द्यायची. प्रवासखर्च, बैठकभत्ता, संध्याकाळची वेळ. आणि तरुणांच्या सेवांसाठीच्या निधीतला थोडा हिस्सा समितीने ठरवायचा, खर्चाचे अंदाज हिशेब विभागाबरोबर बसून काढायचे. या शेवटच्या मागणीवर नकार येईल असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतंय, पण मागायचं ठरलं. नकार आला तर कारणं लेखी मागू.

समुपदेशन कक्षाची वेळ आणि ती नोंदणीची खिडकी, हा समितीचा पहिला विषय असेल. खिडकीसाठी आम्ही साधं सुचवतोय: त्रास तोंडी विचारू नये, चिठ्ठीवर खूण करून द्यायची सोय ठेवावी. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

मोजपट्टी

चांगलं झालंय. 'प्राथमिक टिपण' म्हटलंत तिथे 'पर्याय निश्चित होण्यापूर्वी' हेही जोडा, नाहीतर टिपणाची व्याख्या कार्यालय आपल्या सोयीने करेल. आणि निधीच्या मागणीत रक्कम किंवा टक्केवारी लिहा. 'थोडा हिस्सा' हे कुणालाच मंजूर करता येत नाही.

पहाटपाळी

एक राहिलं. मसुद्यात सदस्यत्व दोन वर्षांचं आहे आणि सगळे एकदम बदलतात ना? तसं ठेवू नका. दरवर्षी निम्मे बदलू द्या. नाहीतर दर दोन वर्षांनी नवे सगळे शून्यापासून सुरू करणार, आणि कार्यालयाला फक्त थांबून राहायचं असतं. पिंपळपान काकांनी सुरुवातीला तेच म्हटलं होतं, की तरुण येतात आणि जातात. मग जाणाऱ्यांनी निदान एका बैठकीला नव्यांबरोबर बसावं आणि सूचनांची यादी त्यांच्या हातात द्यावी: कोणत्या सूचनेवर उत्तर आलं, कोणतं यायचंय, मुदत कधी संपते. ही यादी कार्यालयाकडे नको, समितीकडे राहू द्या.

रानवारा

हे सुचलंच नव्हतं. दोन्ही घातले, निधीला टक्केवारीही लिहिली. मसुदा शुक्रवारी पाठवतोय. उत्तर आलं की याच धाग्यावर टाकेन, आलं नाही तरी टाकेन.